50 हर्ट्झचा तानपुरा

पितृपक्षात कावळ्यांना काम असतं आणि बँडवाल्यांना नसतं. गणपती गेलेले असतात, घट बसायला पंधरवडा असतो आणि तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. सफाळे-केळव्याकडच्या बेंजो पार्ट्यांचे टेम्पो झाडाखाली उभे राहतात आणि ऑर्केस्ट्रावाले गणपतीतल्या मंडळांकडे राहिलेले पैसे मागत हिंडतात. गिऱ्हाईकाचं नेमकं उलटं. गटारीला शेवटचा घोट, मग श्रावण, मग घरात बाप्पा. असा दीड महिना कोरडा काढलेला माणूस पितृपक्षाची वाट पितरांपेक्षा जास्त बघतो. त्यात पगार होतो. हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर दहाच्या आत, हे 1936 च्या वेतन कायद्याने घालून दिलं होतं आणि तारापूर एमआयडीसीला ती सवय अशी लागली की बोईसरला तहानसुद्धा सातला लागते. मोठ्या कंपनीतल्यांना दहाला.

रिकामे बँड आणि भरलेले खिसे एकाच पंधरवड्यात येतात, हे आमच्या परमिट रूमच्या अण्णांच्या लक्षात आलं. स्टेशनच्या पश्चिमेला तारापूरच्या रस्त्याला लागलं की एका वळणावर हा बार आहे. दहा-बारा टेबलं, एक एसी जो थंड करत नाही पण ठिबकतो, आणि भिंतीवर सातपाटीच्या पापलेटचा फोटो. पापलेट 2023 साली राज्यमासा झाल्यापासून अण्णांनी त्याला हार घातलाय. म्हणजे आता तो मेनूकार्डावर आहे, भिंतीवर आहे, फक्त किचनमध्ये नसतो. बाहेर फ्लेक्स लागला: 'लाइव्ह बँड नाइट. सर्व प्रकारचे संगीत.'

'सर्व प्रकारचे' हे शब्द मुंबईत लोअर परळला कुणी लिहिले तर तो त्याच्या अभिरुचीचा भाग असतो आणि त्यासाठी दारातच हजार रुपये घेतात. बोईसरला तो नाइलाज आहे. कारण इथे एका टेबलावरचं गाणं दुसऱ्या टेबलाला कळत नाही. कोपऱ्यात गोरखपूर आणि छपरा बसलेलं असतं, खांबाजवळ ओडिशा. खिडकीशी टॅप्सच्या, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या, कॉलनीतले निवृत्त साहेब, मूळचे तमिळ, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. मधल्या मोठ्या टेबलावर वापी-उंबरगावहून आलेली मंडळी. गुजरात राज्य जन्मापासून कोरडं, तेव्हा त्यांचं येणं समजू शकतं. पण दमण हाताशी असताना इतक्या लांब का, असं एकदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "दमणला सगळे ओळखीचे भेटतात ना!" याच न्यायाने पालघरच्या सरकारी कचेऱ्यांतले लोक प्यायला बोईसरला येतात आणि बोईसरचे सुपरवायझर पालघरला जातात. डहाणू लोकल 2013 साली सुरू झाली तिचा खरा लाभ हा. दोन्ही बाजूंची माणसं उमरोळी स्टेशनात एकमेकांना खिडकीतून बघतात आणि मान फिरवतात.

तर एवढ्यांना एका संध्याकाळी गप्प बसवायचं म्हणजे बँड एक असून भागत नाही.

पण परवाना एकच असतो, आणि त्यावर आठ माणसं. हा आकडा कुठून आला याला मोठा इतिहास आहे. 2005 साली राज्याने डान्स बार बंद केले. मग उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, 2014 ची दुरुस्ती, 2016 चा नवा कायदा अशी वर्षानुवर्षं जुगलबंदी चालली आणि त्या सगळ्यात ऑर्केस्ट्रा तेवढा टिकून राहिला. अट अशी, की मंचावर चार बायका आणि चार पुरुष. 18 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. आठात बायका किती, पुरुष किती, हे ज्याचं त्याने बघावं. आठ मात्र आठच. देशातल्या सर्वोच्च पीठाने ज्या मंचाचा एवढा विचार केला तो आमच्याकडे बिअरच्या क्रेटवर प्लायवूड टाकून केलेला आहे. त्यावर पाचवा माणूस चढला की पहिला आपोआप उतरतो.

सुरुवात घरच्या ऑर्केस्ट्राने झाली. केसिओवाला (त्याच्या कीबोर्डवर दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे, पण आपल्याकडे कीबोर्ड वाजवणारा केसिओवालाच), ऑक्टोपॅडवाला, ढोलकी आणि गाणाऱ्या ताई. ताई वीस वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये गातायत, त्यामुळे समोरचे लोक जेवत असले तरी त्यांचं काही बिघडत नाही. स्पीकरमधून एक बारीक 'घूंऽऽ' सतत येत होता. कुणाचंही लक्ष नव्हतं. होतं फक्त मेंटेनन्सच्या एका फिटरचं.

एमआयडीसीतला फिटर गाणं ऐकत नाही, मशीन ऐकतो. दिवसभर कॉम्प्रेसरच्या आवाजातून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते ओळखायचं त्याचं काम. त्याने चणा कोळीवाड्याची प्लेट बाजूला सारली, कान टवकारला आणि म्हणाला, "अर्थिंग नाहीये." बाकीचे म्हणाले, बस रे, पी. पण ज्याला गळती दिसली तो फिटर बसून राहू शकत नाही. तो उठला, खिशातून टेस्टर काढला (रात्री बारमध्ये टेस्टर घेऊन येणारा माणूस फक्त बोईसरला भेटतो), स्टेजमागे वाकला, एक बोर्ड उघडला, एक वायर दातांनी सोलली आणि कुठेतरी गुंडाळली. 'घूंऽऽ' बंद.

त्या स्टेजने एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. ताईंनी अंतरा उचलला तो अर्धा सूर खाली. केसिओवाल्याने चमकून बघितलं. ताईंनी खाकरून पुन्हा घेतला, आता अर्धा सूर वर. प्रकार असा होता की आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नसलं की तोच सूर स्पीकरमधून येतो आणि तो जवळजवळ पांढरी पाचच्या खर्जाला पडतो. ताईंची पट्टी पांढरी पाच. म्हणजे इतकी वर्षं त्या गुणगुणण्यालाच सा धरून गात आल्या होत्या. फुकटचा तानपुरा, न उतरणारा, न कंटाळणारा. फिटरने तो एका वायरीत मोडीत काढला. केसिओवाल्याने माइक हाताने झाकून त्याला हाक मारली, "भाऊ, होतं तसं करून दे ना." फिटर म्हणाला, "शॉक लागेल ताईंना." केसिओवाला म्हणाला, "इतकी वर्षं नाही लागला." फिटरने नकार दिला. सेफ्टीच्या बाबतीत तो तडजोड करत नाही. तिसरा पेग असतानाही नाही.

सेफ्टीवरून आठवलं, शेजारच्या टेबलावर एका केमिकल कंपनीचे सेफ्टी ऑफिसर बसले होते. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडून ग्लासला टेकवून ठेवलं होतं. कारखान्याच्या नियमात 90 डेसिबलला आठ तास थांबता येतं, 95 ला चार, 100 ला दोन, 105 ला एक. दर पाच डेसिबलला वेळ निम्मा. साहेब त्या हिशेबाने ऑर्डर देत होते. ऑर्केस्ट्राच्या वेळी त्यांनी निवांत चिकन मागवलं. दुसरा बँड चढताना बघून त्यांनी वेटरला सांगितलं, "बिल तयार ठेव."

दुसरा बँड म्हणजे वसई-विरारकडची चार पोरं. काळे टी-शर्ट, इंजिनिअरिंगची तीन वर्षं झालेली, चौथं अजून चालू आहे आणि बराच काळ चालू राहील असं चेहऱ्यावर लिहिलेलं. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला लाखो पोरं चिखलात बसून गिटार ऐकत होती, आणि त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला आमच्या तारापूरला अमेरिकन बनावटीच्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी अमेरिकेच्याच. आमच्या वाट्याला भट्टी आली. म्हणजे गिटारला लागणारी वीज आधी पोचली आणि गिटार मागाहून, अर्ध्या शतकानंतर, विरारहून शटल पकडून.

पोरांनी सांगितलं की ते स्वतःची गाणी वाजवणार. बारमध्ये ही घोषणा 'आज मटण संपलंय' या चालीवर ऐकली जाते. मग ते ओरडले. गाणं इंग्रजी होतं आणि यंत्रयुगात माणसाचं यंत्र कसं झालंय, रात्री झोप कशी येत नाही, मालक रक्त कसं शोषतो अशा आशयाचं असावं, कारण गाणारा दर ओळीला स्वतःचं मनगट पिळत होता. समोरच्या टेबलावर बारा तासांची पाळी करून आलेले लूमवरचे चार जण बसले होते. ते दिवसभर याहून मोठ्या आवाजात उभे असतात, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर त्रास असा काही नव्हता. उलट ते मायेने बघत होते. गाणं संपल्यावर त्यांच्यातला वयस्कर होता तो पुढे गेला, गाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कौनसी शिफ्ट में हो, बेटा?"

फर्माइशीची चिठ्ठी ही या धंद्याची खरी राज्यघटना. टिश्यू पेपरवर गाण्याचं नाव, त्यात नोट, आणि वेटर ती स्टेजवर नेतो. पोरांनी पहिल्या दोन चिठ्ठ्या तत्त्व म्हणून परत केल्या. तिसरी छपऱ्याकडून आली, पाचशेच्या नोटेत. पोरांनी आपापसात बैठक घेतली. मग त्यांनी ते भोजपुरी गाणं वाजवलं, तेही दोन पायांनी दणादण ड्रम हाणत, मघाच्याच विद्रोहाच्या सुरात. इतकं जमलं की ओडिशाच्या टेबलानेही चिठ्ठी पाठवली. तमिळ साहेबांनी पाठवलेली चिठ्ठी मात्र कुणालाच वाचता आली नाही. ती सभ्यपणे परत गेली आणि सोबत आणखी एक सोडा.

दहा वाजले तशा अण्णांनी खिडक्या लावून घेतल्या. रात्री दहानंतर भोंगा बाहेर नाही, बंद सभागृहात चालतो, असा ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांचा त्यांचा अर्थ. त्यांच्या मते चार भिंती आणि एक ठिबकणारा एसी म्हणजे सभागृह. खिडक्या बंद झाल्यावर आत बेंजो पार्टी आली.

बेंजो ही चीज ज्याने जवळून ऐकली नसेल त्याने दैवाचे आभार मानावेत, आणि मग एकदा ऐकावीच. हे मूळचं जपानी वाद्य, 1912 साली नागोयात एका माणसाने टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवून केलेलं. तिथे म्हणे पोरीबाळी शांत धून वाजवायच्या. आपल्याकडे आल्यावर त्याला पिकअप लागला, चार भोंगे लागले आणि ते हळदीच्या मिरवणुकीत टेम्पोवर चढलं. आमच्या बेंजोवाल्या काकांची बोटं पितृपक्षात रिकामी बसून शिवशिवत होती. पार्टी अकरा जणांची, परवाना आठाचा. अण्णांनी माना मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि तिघांना ढोलांसकट व्हरांड्यात उभं केलं. "ते मंचावर नाहीत," असं ते स्वतःलाच समजावत होते. आतून बेंजो, बाहेरून ढोल, मध्ये बंद खिडकीच्या काचा. सेफ्टी ऑफिसरांनी ॲप बघितलं, तक्त्यात शेवटचा आकडा 115 डेसिबलला पंधरा मिनिटं असा आहे एवढंच सांगितलं, आणि कानात पिवळे बोळे घातले. त्यांच्या खिशात आणखी सहा जोड्या होत्या. त्यांनी टेबलावर सगळ्यांना वाटल्या.

धुंदलवाडीकडचा एक पाहुणा होता. तिकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसायला लागले आणि लोकांनी तंबूत रात्री काढल्या. बेंजोचा बास चालू असताना टेबल हादरत होतं तरी हा माणूस ढिम्म, बोंबील सोलून खात होता. बास थांबला आणि एक ग्लास जरा किणकिणला, तसा तो ताडकन उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. ग्लास वेटरचा धक्का लागून वाजला होता. पण त्याच्या पाठोपाठ अर्धा बार चौकटीत उभा राहायला धावला, हे सांगायला हवं.

चौथा बँड फ्लेक्सवर नव्हता. काउंटरवर काम करणाऱ्या पोराचा काका, डहाणूच्या आतल्या एका पाड्यावरचा तारपावाला, दुसऱ्या दिवशी पालघरला कसल्याशा सरकारी कार्यक्रमाला निघाला होता. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून कुठल्याही पाहुण्याचं पाऊल तारप्याशिवाय आत पडत नाही. ही मंडळी मंत्र्यांची वाट बघण्यात तरबेज झालेली आहेत. मुक्कामाला पुतण्याकडे आलेला काका कोपऱ्यात लिंबू सरबत पीत बसला होता. त्याच्या बाजूला गोधडीत गुंडाळलेला तारपा. कुणीतरी ओळखलं आणि ओरडा झाला.

स्टेजवर जागा नव्हती. बेंजोवाले उतरत नव्हते. आणि तारपा काही स्टेजवर वाजवायचा नसतोच. काका टेबलांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वाळलेल्या भोपळ्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. त्याने गाल फुगवले, आणि सूर सुरू झाला तो थांबेचना. श्वास आत घेतानाही वाजत राहायचं ही तारप्याची विद्या. फिटर चक्क भोपळ्याला कान लावून आला आणि म्हणाला, "याला अर्थिंग लागत नाही." ताईंचा चेहरा मात्र उजळला. दोन तास हरवलेला सा त्यांना सापडला होता. त्यांनी तिथल्या तिथे गुणगुणून खात्री करून घेतली.

मग नाच. तारपा नाचात हातात हात गुंफून तारप्याभोवती फिरायचं असतं, सूर बदलला की दिशा बदलायची, आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही. काउंटरवरच्या पोराने सगळ्यांना हे समजावलं. वापीच्या मंडळींना गोल फिरायचा सराव होता, पण टाळी वाजवायला हात मोकळा नाही म्हणताना ती हवालदिल झाली. गोरखपूरच्या हातात ओडिशाचा हात आला, ओडिशाच्या हातात तमिळ साहेबांचा, आणि त्यांच्या हातात विरारच्या ड्रमवाल्याचा. एक वेटर ट्रे घेऊन रांगेच्या आत सापडला. त्याला बाहेर पडायला वाव नव्हता आणि पाठ दाखवायची सोय नव्हती. तो ट्रे डोक्यावर धरून तारपावाल्याशेजारी उभ्याने फिरत राहिला. त्यावरचा सोडा एक थेंब सांडला नाही.

अण्णांनाही ओढलं. ते घाबरले होते, कारण परवाना गाण्याचा आहे, नाचाचा नाही, आणि 2016 च्या कायद्याचं नाव त्यांना पाठ आहे. "हे गिऱ्हाईक आहे, कलाकार नाही," असं ते आधी पुटपुटले. मग तारप्याला पाठ दाखवायची नाही म्हटल्यावर त्यांची गल्ल्याकडे पाठ झाली, आणि बत्तीस वर्षांच्या धंद्यात अशी पाठ त्यांनी कधी केली नव्हती. पण खरा फटका वेगळाच होता. तो त्यांना तिसऱ्या फेरीत कळला आणि चालता चालता त्यांचा चेहरा पडला. सगळ्यांचे हात गुंतलेले. ग्लास धरायला एकही हात मोकळा नाही. ऑर्केस्ट्रा ऐकून माणूस पितो, रॉक सहन करायला पितो, बेंजो वाजताना तर पिण्यावाचून इलाजच नाही. तारपा वाजत होता तोवर बारमध्ये एक पेग विकला गेला नाही.

"बास करा आता, काकांना दम लागेल," असं अण्णा तीनदा म्हणाले. काकांना दम लागत नव्हता.

उशिरा, बिलं भागल्यावर आणि डहाणूची शेवटची लोकल निघून गेल्यावर, केसिओवाला तारपावाल्यापाशी जाऊन बसला. त्याच्या डोक्यात धंदा शिरला होता. पुढचा हंगाम हळदीचा, आणि डहाणू-तलासरीकडच्या हळदीत असा सूर निघाला तर लोक नोटा उधळतील.

"काका, हा टोन पेनड्राइव्हमध्ये मिळेल का?"

काकाने तारपा पुन्हा गोधडीत गुंडाळला. कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चार बिया त्याच्या हातावर ठेवल्या. "लाव. पावसाळ्यात वेल चढेल. भोपळा मोठा होऊ दे, काढू नको, वेलीवरच वाळव."

केसिओवाला सालवडला एमआयडीसीच्या कुंपणाला लागून राहतो. त्याने तसं सांगितलं. हे ऐकून सेफ्टी ऑफिसर, जे इतका वेळ बोळे घालूनच बसले होते, त्यांनी ते काढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा 93.69 गुणांनी तारापूर पहिलं आलं होतं, आमचा तो एकमेव पहिला नंबर, अशी माहिती त्यांनी पुरवली. काकाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि केसिओवाल्याच्या हातावरच्या चारपैकी तीन बिया परत घेतल्या.

"एक लावून बघ," तो म्हणाला. "वाजला तर कळव."